कवितेतलं दुसरं माणूस

माझी आणि माझ्या नवऱ्याची ओळख एका इंग्रजी कवितेमुळे झाली असं सांगितलं, की लोकांना फार गोड वाटतं. खरं म्हणजे ती कविता शिकवून मी त्या दिवशी स्वतःची फजितीच करून घेतली होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. इंग्रजी घेऊन नुकतीच एम.ए. झाले होते आणि भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेत होते. येणारे सगळे नोकरदार. कुणाला अर्ज लिहायला शिकायचं होतं, कुणाला साहेबाशी चार वाक्यं बोलायची होती. शेवटच्या बाकावर जवळच्याच मोरवा गावचा एक माणूस बसायचा. त्याचं घराणं मिठागरावर काम करणारं. तो स्वतः स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर होता. सुपरवायझर व्हायचं असेल तर रोजचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागेल, असं त्याला सांगितलं होतं, म्हणून तो आला होता. वडील लवकर गेल्यामुळे तीन बहिणींची लग्नं त्यानेच करून दिली होती आणि त्या गडबडीत त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं.

एका रविवारी मला काय सुचलं कुणास ठाऊक, रजेचा अर्ज बाजूला ठेवून मी फळ्यावर चौदा ओळींची एक जुनी इंग्रजी कविता लिहिली. सॉनेट म्हणजे काय ते सांगितलं. मग अर्थ सांगायला लागले. एक माणूस आपल्या जिवलगाला सांगतोय, की मी आता उतरणीला लागलोय, माझ्याकडे थोडेच दिवस राहिलेत, हे तुला दिसतंय. आणि दिसतंय म्हणूनच तुझं माझ्यावरचं प्रेम आणखी घट्ट होतंय. वर्गात सगळे वहीत मान घालून बसले होते. शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

“बाई, हा जो बोलतोय त्याचं वय काय?”

“नक्की माहीत नाही,” मी म्हटलं. “पण लिहिताना तो पस्तिशीच्या आसपास असावा असं म्हणतात.”

“मी छत्तीसचा. म्हणजे मी तर गेलोच की.”

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. पुढच्या रविवारी मी रजेच्या अर्जावर परत आले, पण वर्ग सुटल्यावर तो माणूस फळा पुसायला थांबायला लागला. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. आई विरोधात होती. तिने एकदाच, भांडी घासता घासता मला सांगितलं, “बारा वर्षांचं अंतर आहे. आत्ता नाही दिसायचं ते. तू साठीची होशील तेव्हा दिसेल.” मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

ते मला आयुष्यभर ‘बाई’ म्हणत आले. मी त्यांना ‘अहो’.

पुढे आम्ही मिरा रोडला पूनम सागरमध्ये चौथ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट नव्हती, म्हणून तो मजला आमच्या खिशाला परवडला. हे तेव्हा पन्नाशीला आले होते, तरी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन न थांबता वर यायचे आणि मी दुसऱ्या मजल्यावर टेकले की वरून ओरडायचे, “बाई, दम लागला काय?” मुलगी तिथेच वाढली, शिकली, बंगळूरला गेली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. ती चौदा ओळींची कविता अभ्यासक्रमात मधूनमधून यायची. काही वर्षं गायब व्हायची, पुन्हा यायची. मुलांना मी तयार उत्तर लिहून द्यायचे: मृत्यूची जाणीव प्रेमाला अधिक गहिरं करते. असं लिहिणाऱ्याला मी पैकीच्या पैकी मार्क देत होते. त्या वाक्याकडे मी कधी वळून बघितलं नाही.

त्यांना पंचाहत्तरावं लागलं त्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलातून घरी आणताना चार माणसांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना चार मजले वर चढवलं. वर पोचल्यावर त्यातला एक जण घाम पुसत म्हणाला, “आंटी, अभी इनको नीचे मत उतारना.” तो सहज बोलला होता. तीन वर्षांत आम्ही त्यांना फक्त चार वेळा खाली नेलं, चारही वेळा हॉस्पिटलात.

त्यांना उतरवता येत नव्हतं म्हणजे मलाही उतरता येत नव्हतं, हे समजायला मला काही महिने लागले. कामाला एक मावशी येत. सकाळी दोन तास त्यांना अंघोळ घालायला, संध्याकाळी पाचला परत दोन तास. त्या असताना मी स्वयंपाक उरकायचे, बँकेची, औषधांची कामं धावत करून यायचे. बाकी दिवस आम्ही दोघं. भाजीवाला खाली आला की मी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायचे आणि ओरडायचे, “भैया, आधा किलो भिंडी, और मिर्ची अच्छावाला डालना.” कित्येक दिवस बाहेरच्या माणसाशी माझं तेवढंच बोलणं व्हायचं.

झटक्यानंतर त्यांची वाचा जड झाली होती, आणि एक विचित्र गोष्ट झाली. चाळीस वर्षं कारखान्यात, सोसायटीत, माझ्या माहेरच्यांशी ते जी मराठी बोलायचे ती गळून पडली. उरली ती मोरव्याची, आईच्या घरची. ‘आहे’चं ‘हाय’ झालं, ‘नाही’चं ‘न्हाय’. मला ती बोली कळायची, पण ती ऐकताना वाटायचं, हा माणूस माझ्या ओळखीच्या आधीच्या काळात परत निघालाय आणि मी तिथे नाहीच.

आता जे सांगणार आहे ते मी मुलीलाही सांगितलेलं नाही. एका दुपारी त्यांना भात भरवत होते. एका घासाला पाच मिनिटं लागत होती. सकाळपासून तीनदा चादर बदलली होती. मी एक घास मुद्दाम मोठा केला. त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाठ थोपटली, पाणी दिलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं, की त्यांना कळलंय. दोघंही काही बोललो नाही आणि मी पुढचा घास लहान केला.

घरात माझी एकटीची म्हणावी अशी जागा एकच होती, बाथरूम. तिथे जाऊन कडी लावली की दहा मिनिटं कुणी कितीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असा मी नियम केला होता. खरं तर कडी लावायचं कारण नव्हतं. घरात दुसरं माणूस होतं ते पलंगावरून उठू शकत नव्हतं. पण कडी सरकल्याचा आवाज मला हवा असायचा.

गेल्या वर्षी डिसेंबरात, दुपारी साडेबाराच्या सुमाराला मी अशीच आत गेले. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता. त्यांना हॉलमधल्या दिवाणावर उशांना टेकवून बसवलं होतं. अंघोळ झाली, कपडे घातले आणि कडी मागे ओढली, तर तिची मूठ माझ्या हातात आली. कडीचा दांडा चौकटीच्या भोकात तसाच राहिला. कित्येक दिवसांपासून ती कडी सैल झाली होती. ती दुरुस्त करून घ्यायची, हे माझ्या कामांच्या यादीत खूप खाली होतं.

आधी मला हसू आलं. मग मी कंगव्याचं टोक घालून बघितलं, ते तुटलं. बादलीची कडी काढून ती घालून बघितली. दांडा हलायचं नाव घेईना. बाथरूमची खिडकी म्हणजे उंचावर काचेच्या तीन पट्ट्या, त्यापलीकडे पाइपांची अरुंद डक्ट. मी बादली उलटी करून वर चढले आणि डक्टमध्ये तोंड करून ओरडले. पण शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. तिथे तोडकाम चालू होतं, भिंत फोडायच्या मशीनचा आवाज असा होता की माझा आवाज मलाच ऐकू येईना. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेनकडे आमची एक किल्ली असते, पण त्या दिवशी त्या बोरिवलीला लेकीकडे गेल्या होत्या. सकाळी जाताना सांगूनही गेल्या होत्या. आणि मावशी येणार पाचला.

“बाई?” हॉलमधून हाक आली.

मशीन क्षणभर थांबलं होतं. मी दाराला तोंड लावून ओरडले, “कडी तुटली! मी आत अडकलेय! घाबरू नका, मावशी येतील पाचला!”

मग धप्प असा आवाज झाला.

तो आवाज मला लगेच कळला. ते दिवाणावरून खाली पडले होते. किंवा त्यांनी स्वतःला पाडून घेतलं होतं. मी दारावर दोन्ही हात आपटायला लागले. “काय केलंत? लागलं का? बोला ना!”

“न्हाय लागलं.”

“तिथेच पडून राहा. हलू नका!”

आणि मग सरपटण्याचा आवाज. डावा हात फरशीवर टेकायचा, अंग ओढायचं, थांबायचं. दिवाणापासून बाथरूमपर्यंत माझी जेमतेम बारा पावलं. मुख्य दार मात्र दिवाणाला लागूनच होतं. माझं डोकं चालायला लागलं. मी ओरडून सांगितलं, “ऐका, इकडे नका येऊ! मुख्य दाराकडे जा. दार वाजवा आतून. जिन्यातून जाणारं कुणीतरी ऐकेल!”

आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. तो जवळ येत होता.

मी पाच-सहा वेळा तेच सांगितलं. शेवटी रडकुंडीला येऊन ओरडले, “अहो, तिकडे जा, तिकडे!” मशीन पुन्हा सुरू झालं आणि काही ऐकू येईना. मी थंड फरशीवर बसून राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मशीन थांबलं, बहुधा कामगार जेवायला गेले असावेत, आणि दाराला काहीतरी लागल्याचं मला जाणवलं. पीव्हीसीच्या दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून त्यांच्या डाव्या हाताची बोटं आत आली.

“कशाला आलात इकडे?” मला इतका राग आला होता. “मुख्य दाराकडे जायला सांगितलं होतं ना! इथे येऊन काय करणार आहात तुम्ही?”

धाप लागल्यामुळे त्यांना बोलायला वेळ लागला. “तू इतं हायस.”

“मी इथे आहे, पण तुम्हाला कडी काढता येणार आहे का?”

“न्हाय.”

“मग आता परत फिरून जाल का तिकडे?”

“आता न्हाय जमणार.”

म्हणजे आता घरात दोघं अडकलो होतो. मी पुन्हा बादलीवर चढून डक्टमध्ये हाका मारल्या. शांतता होती तरी कुणी ऐकलं नाही. दुपारची वेळ, कुणाची झोप, कुणाचा टीव्ही. घसा बसला तशी उतरले. बोटं तिथेच होती. मी ती लगेच धरली नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. बराच वेळ मी समोरच्या भिंतीला टेकून त्या बोटांकडे नुसती बघत बसले होते. मला वाटत होतं, याच बोटांनी मला तीन वर्षं धरून ठेवलंय. इथेसुद्धा, दाराच्या फटीतूनसुद्धा.

मग ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, भिजलंय मना.”

त्यांच्या आवाजात लाज होती. रोज मी ते सगळं करत होते, तरी इतकी लाज मी कधी ऐकली नव्हती. मी सरकून दाराजवळ गेले आणि बोटं हातात घेतली. गार पडली होती. “असू दे,” मी म्हटलं. “मावशी आल्या की बदलू.”

“दोनची गोळी ऱ्हायली.”

“एक दिवस राहिली तर काही होत नाही.” होऊ शकत होतं. साखर होती त्यांना, जेवणही झालं नव्हतं. पण मी तसं सांगितलं.

त्या दुपारी मशीन पुन्हा लागलं नाही. आम्ही बोलत बसलो. तोंड दिसत नसल्यामुळे असेल, पण तीन वर्षांत बोललो नव्हतो तेवढं बोललो. मुलीबद्दल बोललो. मिठागरावर उन्हात पाय कसे चिरायचे ते त्यांनी सांगितलं. त्यांची आई चिरांना तेल लावायची म्हणे. ते वाक्यं अर्धी सोडायचे, मी पुरी करायचे आणि चुकले की ते “न्हाय” म्हणायचे. आणि मध्येच, काही पूर्वसूचना न देता, त्यांनी विचारलं, “मी गेलो की तू सुटशील ना?”

समोर बसून विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय बोलता. हात झटकला असता, चादर सारखी केली असती. तिथे करायला काही नव्हतं. मागे भिंत, पुढे दार.

“हो,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता ते बोटं काढून घेतील.

“सुटेन मी,” मी म्हटलं. “खोटं कशाला बोलू? रोज मनात येतं. सकाळी उठले की आधी तुमचा श्वास चाललाय का बघते, आणि चाललेला दिसला की बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. दोन्ही. एकदम. त्या दिवशी घास मी मुद्दाम मोठा केला होता.”

“ठाव हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तू पण कुणाला सांगणार?” आणि मग म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. तीन वरसं इचारायचं होतं.”

मी रडले. ते रडले की नाही मला दिसलं नाही. मग ते एकदम म्हणाले, “ती कविता सांग. फळ्यावर लिवलेली.”

चौदा ओळी मला पाठ होत्या. बाथरूमच्या फरशीवर बसून, बसलेल्या घशाने मी त्या इंग्रजीत म्हटल्या. मग मराठीत अर्थ सांगायला लागले आणि शेवटच्या दोन ओळींपाशी आले. तुला हे दिसतंय आणि म्हणून तुझं प्रेम वाढतंय. ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेना. म्हणून मी ते लांबूनच सांगितलं, “पुढे तो म्हणतो की यामुळे तिचं प्रेम वाढतं.”

“ती काय म्हणते?”

“कोण?”

“ज्याला सांगतोय तो. ते दुसरं माणूस.”

“ते काही बोलत नाही,” मी म्हटलं. “चौदाच्या चौदा ओळी हाच बोलतो.”

“मंग याला कसं ठाव, वाढतंय का कमी होतंय?”

इतकी वर्षं मी ती कविता शिकवली, त्या दुसऱ्या माणसाबद्दल मला एकदाही प्रश्न पडला नव्हता. आयुष्य संपत आलेल्या माणसाचं दुःख मी मुलांना समजावून सांगत होते. शेजारी बसून त्याच्याकडे बघत राहिलेल्या माणसाला मी त्या कवितेत कधी शोधलंच नव्हतं. आणि आता तेच माणूस होऊन मी एका बंद दाराआड बसले होते.

“नसतं वाढत,” मी म्हटलं. “निदान रोज तरी नाही. दमतं.”

“व्हय,” ते म्हणाले. “मना पण दमायला होतं. करून घेतानासुदा.”

साडेचारच्या सुमारास समोरच्या बेन बोरिवलीहून परतल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आल्याबरोबर हे एकदम ओरडले. इतका मोठा आवाज झटक्यानंतर मी पहिल्यांदा ऐकला. शब्द कळण्यासारखे नव्हते, पण त्यामुळेच बेन घाबरल्या आणि किल्ली लावून आत आल्या. “अरे बापरे, भाईसाब इधर नीचे क्यूं सोए हैं? आंटी किधर है?” मी आतून ओरडले, “इधर है!” त्यांनी वॉचमनला बोलावलं. त्याने हातोडी आणि पेचकस आणून चौकट फोडली. दार उघडलं तेव्हा हे पालथे पडलेले होते, एक गाल फरशीला, कोपर सोललेलं, शर्ट ओढला गेलेला. मला बघून म्हणाले, “जेवलीस न्हाय अजून.”

मी बेनच्या देखत हसले. त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

मुलगी आठवड्यात आली. आम्हाला दोघांना बंगळूरला न्यायचं तिने ठरवूनच ठेवलं होतं. ते “न्हाय” म्हणाले. एरवी त्यांच्या एका शब्दाचा मीच पुढे विस्तार करून सांगायचे, बाबांना असं वाटतं, तसं वाटतं. या वेळी तसं केलं नाही. म्हटलं, “बाबांचं बाबा बोलले. आता माझं ऐक. मला तळमजल्यावर घर हवंय. आणि मावशी संध्याकाळऐवजी दुपारी तीन ते पाच हव्यात, रोज. त्या वेळात मी घरात नसेन.” मुलगी म्हणाली, “आई, तू कुठे जाणार?”

घर मिळालं, मोरव्याच्या वाटेवर, भाईंदर पश्चिमेला, एका जुन्या इमारतीत. पूनम सागरमधलं भाड्याने दिलं. पुन्हा चार माणसं, पुन्हा खुर्ची. उतरताना प्रत्येक वळणावर ते डोळे मिटून घेत होते. खाली पोचल्यावर माणसं खुर्ची टेम्पोत चढवायला निघाली तर त्यांनी हात वर केला. दहा मिनिटं ते इमारतीच्या दारात उन्हात बसले. जाणारे-येणारे बघत होते. मी बाजूला उभी होते आणि खूप दिवसांनी मला त्यांचा राग आला नाही, की कीवही आली नाही.

पहिल्या दुपारी तीन वाजता घराबाहेर पडले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहिले. कुठे जायचं तेच कळेना. तीन वर्षांत पायांना घरातल्या वाटांची सवय झाली होती. हळूहळू वाचनालयात जायला लागले, कधी बाजारात उगाच फिरायला.

एकदा उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. तारोडीला उतरले. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. एक म्हातारी कावळे हाकत बसली होती. तिने विचारलं, “कोनाकडं आलीस, बाय?”

“कुणाकडे नाही.”

“मंग बस.”

मी बसले. पाच वाजून गेले. मोबाइल पिशवीत वाजला, बंद झाला, परत वाजला. मावशीच असणार. मी उचलला नाही. मला त्या दिवशी परत जायचं नव्हतं. कुठे जायचं तेही ठरलं नव्हतं, फक्त परत जायचं नव्हतं. समुद्र मागे हटत होता आणि चिखलात टेकलेल्या होड्या एका अंगावर कलत होत्या. म्हातारीने वाळलेले बोंबील गोळा केले, मला एक जुडी दिली, आणि ती घरी गेली. काळोख पडायला लागला तेव्हा बस आली. मी चढले.

मावशी दारातच उभ्या होत्या, रागाने लाल. “ताई, निदान फोन तरी घ्यायचा ना! माझी पोरं घरी वाट बघतायत.” मी माफी मागितली. त्या गेल्या. हे जागे होते. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सरळ सांगितलं, “आज मला परत यायचं नव्हतं.”

त्यांनी छताकडे बघत विचारलं, “मंग?”

“मग आले.”

“बोंबलाचा वास येतोय.”

“एका बाईने दिले.”

“उद्या कर,” ते म्हणाले. आणि मग, “उद्या पण जाशील?”

“जाईन.”

“जा.”

या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. पंधरा दिवस हॉस्पिटलात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की शरीर आता दमलंय, पुढच्या वेळी कदाचित आम्हाला फार काही करता येणार नाही. तुम्ही मनाची तयारी ठेवा. मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली. तिला धीर देता देता मी मनात तपासून बघितलं, आता तरी माझं प्रेम वाढलंय का. मला तसं काही सापडलं नाही. भीती सापडली. थकवा सापडला. त्यांच्या कोपरावर डिसेंबरातल्या त्या दिवसाची खूण आहे, तिच्यावर पावडर लावताना माझा हात जरा रेंगाळतो, एवढं सापडलं.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या. मी यांच्या उशाशी बसून होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बोलायला आता फार कष्ट पडतात, पण म्हणाले, “तीन वाजले. जा.”

त्या दिवशी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले.